हवेतला पाय

आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी एक गाणं ऐकावं लागतं. मग तो नातेवाईक असो, विमा एजंट असो, नाहीतर गॅसची नळी तपासायला आलेला माणूस असो. मी यतीन. डहाणू रोड स्टेशनवर तिकीट खिडकीत बसतो. दिवसभर कानावर 'एक वापी', 'दोन उमरगाव रिटर्न' आणि 'छुट्टा नथी साहेब' एवढंच पडतं, त्यामुळे घरी आल्यावर मला माझं ऐकवायला कोणीतरी लागतं. माझी बायको सुधा म्हणते, लोक आपल्याकडे येईनासे झालेत. मी म्हणतो, ज्यांना कान नाहीत त्यांनी येऊच नये.

गाण्याचं नाव 'जम्प, सॅम्युएल'. बँडचं नाव 'क्रुकेड जेटी'. कुठल्याशा परदेशी बंदरातली ही माणसं. नऊ-दहा जणांचा बँड, त्यातले तिघे तर नुसते फुंकणारे. ते जे वाजवतात त्याला स्का म्हणतात. स्का म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, असं मी म्हटलं की सुधा उठून आत जाते. तरी सांगतो. आपण टाळी वाजवतो ती ठोक्यावर. आरतीला, लग्नात, मंत्र्याच्या भाषणाला, सगळीकडे ठोक्यावरच. स्कातली गिटार वाजते ती दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत. पाय जमिनीवर पडतो तेव्हा ती गप्प असते आणि पाय उचलला की बोलते. हाच ठेका संथ करून खाली जड बेस लावला की रेगे होतो. रेगे आळशी माणसांसाठी आहे, असं माझं ठाम मत होतं. सुधाच्या मते दोन्हींना उचकी लागलेली असते.

गाण्यातली गोष्ट साधी आहे. सॅम्युएल नावाच्या माणसाची बोट सुटायला आलीय. तो गल्लीबोळातून धावतो, टोपी उडते, एका कोंबड्याला तुडवता तुडवता वाचतो, धक्क्यावर पोचतो तर बोट सुटलेली. मागून ट्रम्पेटवाले ओरडल्यासारखं वाजवतात, सगळे म्हणतात, उडी मार सॅम्युएल. सॅम्युएल उडी मारतो. आणि तो हवेत असतानाच गाणं संपतं.

या शेवटावर मी जितका बोललोय तितका माझ्या नोकरीवर, लग्नावर आणि तब्येतीवर मिळून बोललो नसेन. "पोचला की नाही? सांगत नाहीत," असं म्हणून मी समोरच्याकडे पाहत राहायचो. गॅसवाला म्हणाला, "पोचला असंल." त्याला मी अर्धा तास समजावलं की मुद्दा पोचण्याचा नाहीच. माणसाचा पाय हवेत असताना गाणं थांबवायला छाती लागते. आपले लोक असते तर त्याला बोटीत चढवला असता, बायको भेटवली असती आणि वर एक कडवं म्हणायला लावलं असतं. गॅसवाला त्यानंतर आला नाही. नळी तपासायची राहून गेलीय.

हे गाणं मला मिळालं साखरपुड्याच्या सुमारास. तेव्हा स्टेशनसमोर कॅसेट भरून देणाऱ्याचं दुकान होतं. हवी ती गाणी सांगायची, तो ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचा. त्याचा मेव्हणा बोटीवर नोकरीला होता आणि तो जगभरच्या कॅसेटी आणून दुकानात टाकायचा. एक दिवस तिथे हे वाजत होतं. मी दारातच थांबलो, आणि गाणं अर्ध्यावर असताना माझी ड्युटीची वेळ झाली म्हणून पळालो. पण पळतानाच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन कॅसेटी भरायला टाकल्या, माझ्यासाठी साठ मिनिटांची आणि सुधासाठी नव्वदची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तशातली गत. मोठी कॅसेट दिली की प्रेमही मोठं दिसेल, असं मला वाटलं होतं. दोन्हींवर गाणी तीच, क्रमही तोच, पहिल्या बाजूला सर्वात शेवटी 'जम्प, सॅम्युएल'. सुधाची मी आशागडला, तिच्या माहेरी, स्वतः नेऊन दिली. लग्नानंतर एका घरात त्याच गाण्यांच्या दोन कॅसेटी कशाला, म्हणून ती तिथेच राहिली.

माझ्या कॅसेटवर गाणं आणि पहिली बाजू एकाच क्षणी संपायची. सॅम्युएल हवेत, आणि टेपरेकॉर्डरचं बटण खटकन वर. याचंही मला कौतुक होतं. काय हात होता त्या दुकानदाराचा, असं मी पाहुण्यांना सांगायचो, फितीच्या शेवटच्या वितीत गाणं बरोबर बसवलं त्याने.

टेपरेकॉर्डर म्हातारा झाला तेव्हा आमच्या मुलीने, अदितीने, मोबाइल टेपशेजारी ठेवून गाणं त्यात भरून दिलं. त्यात मधेच आमच्या कुकरची शिट्टी आहे. ती बँडची नव्हे, आमची, हे मी ऐकवण्याआधीच सांगून टाकतो. शेवटी बटणाचा खटकाही आलाय. नेटवर चांगलं मिळतं असं अदिती एकदोनदा म्हणाली होती, पण मी तिला उडवून लावलं. नेटवरची गाणी म्हणजे वॉशिंग मशीनमधून काढलेली. त्यांना माणसांचा वास येत नाही.

एवढा मोठा जाणकार मी, पण माझ्या घरात मला एक श्रोता कधी मिळाला नाही. सुधा गाणं लागलं की दारापर्यंत येते, टॉवेलला हात पुसत उभी राहते, आणि सॅम्युएल धक्क्यावर पोचला की नेमकी आत जाते. शेवटाच्या आधी, दरवेळी. दूध उतू जात नसलं तरी जाते. मी तिला किती वेळा म्हटलं, अगं शेवट ऐक, शेवटातच सगळं आहे. पालथ्या घड्यावर पाणी. हिला हे गाणं आवडत नाही, हे मी मनाशी धरून चाललो होतो, आणि ते मला जितकं लागायचं तितकं कोणाला सांगता येत नव्हतं. दुसऱ्या कोणाला गाणं नाही आवडलं तर मी भांडतो. हिच्याशी भांडता येईना.

अदितीचं लग्न ठरलं ते तलासरीच्या दर्शनशी. अदिती वापीला एका लॅबमध्ये काम करते, दर्शनही त्याच बाजूला नोकरीला. जाता-येता ओळख झाली असणार, मी खोलात गेलो नाही. पहिल्यांदा तो आपल्या आईला, भारतीबेनना घेऊन घरी आला तेव्हा रीतीप्रमाणे मी गाणं लावलं. भारतीबेन पदर सावरून देवळात बसल्यासारख्या बसल्या. दर्शनचा पाय मात्र हलायला लागला, आणि तोही बरोबर ठेक्याच्या मधल्या जागेत. मी मनातल्या मनात मांडव घालायला घेतला.

खटका पडला. मी नेहमीसारखा त्याच्याकडे पाहत राहिलो.

"मस्त गाणं आहे, काका," दर्शन म्हणाला. "मला तर याचा पुढचा रेगेवाला भाग अजून आवडतो."

"कुठला पुढचा?"

"म्हणजे तो हळू होतो तो..."

"पुढे भाग नाही. गाणं इथे संपतं," मी म्हणालो. "हे स्का आहे. त्यात रेगे नाही."

टीपॉयखाली काहीतरी हललं. अदितीने त्याच्या पायावर पाय दिला होता, हे मला कळलं ते फार नंतर. दर्शन म्हणाला, "हो काका, बरोबर. माझी दुसऱ्या गाण्याशी गल्लत झाली असेल."

ते गेल्यावर मी सुधाला म्हणालो, मुलगा चांगला आहे, पण ठाम नाही. काहीतरी ठोकून देतो आणि लगेच माघार घेतो.

"नमतं घेणारा जावई मिळतोय," सुधा म्हणाली, "तर देव पावला म्हणा आणि गप्प बसा."

मी गप्प बसलो, पण मनात एक बेत शिजायला लागला. हल्ली आमच्याकडे हळदीला लग्नापेक्षा जास्त माणसं असतात आणि नाच झाल्याशिवाय कोणी जेवायला उठत नाही. तेव्हा हळदीला मुलीच्या बापाचा नाच ठेवायचा, 'जम्प, सॅम्युएल'वर, आणि माझ्या शेजारी सुधा. आयुष्यात मी नाचलेलो नाही. स्टेशनच्या गणपतीतही मी स्पीकरचा आवाज किती ठेवावा एवढंच सांगतो. पण अदिती घर सोडून जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, सुधाने या गाण्यावर माझ्याबरोबर नाचावं, हे मला हवं होतं. आता ती पळून जाऊ शकणार नव्हती. चारशे माणसांसमोर दूध उतू जात नाही.

"मला नाही जमायचं," सुधा म्हणाली. "हळदीला मला शंभर कामं असतात."

"तुझी जागा मी मोकळी ठेवतो."

"ठेवा."

या 'ठेवा'चा अर्थ काय घ्यायचा ते मला ठरवता येईना. मी तो होकार धरला.

तालीम आमच्या अंगणात. माझ्या शेजारच्या खिडकीत बसणारा मनिष, ऑफिसातले आणखी तिघे, आणि गल्लीतले जे वेळेवर पळाले नाहीत ते. धावत आल्यासारखं नाचायचं, टोपी उडाल्यासारखा डोक्याला हात, कोंबडा चुकवायचा, आणि शेवटी उडी. उजवा पाय हवेत, डावा हात पुढे, आणि खटका पडला की तसंच गोठून उभं राहायचं. टाळ्या संपेपर्यंत पाय खाली आणायचा नाही. मनिषचा गुडघा जुना. तो दरवेळी डावीकडे कलंडायचा आणि म्हणायचा, "यतीनभाई, अंगणच उतरतं आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणायचो. अंगण खरंच उतरतं आहे. पावसाचं पाणी जावं म्हणून मीच तसं करून घेतलं होतं. पण एकदा दिग्दर्शक झालो म्हटल्यावर मागे कसं यायचं?

पहिल्या रांगेत माझ्या उजवीकडे एक माणूस मावेल एवढी जागा मी रोज मोकळी ठेवत होतो. सुधा ओटीवर बसून तांदूळ निवडायची आणि अधूनमधून वर बघायची. एकदा तिने विचारलं, "आणि शेवटी सगळे असेच उभे राहणार? पाय वर करून?"

"तोच तर शेवट आहे."

ती काहीतरी बोलणार होती, पण सूप घेऊन उठली.

हळदीच्या दिवशी ऊन उतरायच्या आतच मांडव भरला. रानशेतच्या रघ्याचा डीजे सांगितला होता. तो भिंतीएवढे स्पीकर घेऊन सकाळीच आला होता. मी पंगतीच्या पत्रावळी मोजून घेत असताना तो माझा मोबाइल हातात धरून आला.

"काका, ह्या गाण्यात कुकर वाजतंय."

"ती आमची शिट्टी आहे. वाजू दे."

"मोठ्या स्पीकरवर लय घाण वाटेल. तलासरीचे पाहुणे यायचेत. नेटवरनं साफ घेऊ का? हेच गाणं आहे, नाव बघा."

मी नाव बघितलं, तेच होतं. तेवढ्यात आचारी आमटीचं विचारायला आला. मी रघ्याला हात हलवून "घे, घे" म्हटलं आणि आमटीकडे वळलो. त्या एका हात हलवण्यात माझा सत्तावीस वर्षांचा अभ्यास गेला.

तलासरीहून उष्टी हळद आली. आमच्यात हळद आधी नवऱ्या मुलाला लागते आणि उरलेली नवरीकडे घेऊन येतात. भारतीबेन, दर्शनची बहीण दक्षा आणि पाच-सहा बायका हिरवी साडी आणि हळदीची वाटी घेऊन आल्या. रीतीप्रमाणे दर्शन स्वतः आला नव्हता, पण दक्षाच्या हातातल्या मोबाइलवर तो हळदीने माखलेला चेहरा घेऊन हजर होता. अदितीला पाटावर बसवलं. सुधा परात घेऊन तिच्याशेजारी. माझ्या उजवीकडची जागा मोकळीच.

"व्याही, तुमचा डान्स कधी?" भारतीबेनने विचारलं. "आम्ही तो बघूनच जेवू."

मी आमच्या माणसांना उभं केलं. सुधाकडे बघितलं. तिने पिवळे हात वर करून दाखवले, कसं येऊ? मी रघ्याला खूण केली.

गाणं लागलं आणि मला भरून आलं. कुकर नव्हता, खरखर नव्हती. ट्रम्पेट एवढी उघडी मी कधी ऐकलीच नव्हती. गिटार ठेक्याच्या मधे अशी पडत होती की मांडवातल्या म्हाताऱ्यांचेही पाय उचलायला लागले. आम्ही धावलो, टोप्या उडवल्या. कोंबडा चुकवताना मनिष खुर्चीवर आदळला, पण सावरला. लोक शिट्ट्या मारत होते. मी घामाघूम, छातीत धडधड, आणि मनात एकच की सुधा बघतेय ना. सॅम्युएल धक्क्यावर पोचला. सगळे ओरडले, उडी मार. आम्ही उडी मारली. उजवा पाय हवेत, डावा हात पुढे, आणि गोठलो.

खटका पडला नाही.

ट्रम्पेट वर चढतच गेली, वर जाऊन वळली, आणि सावकाश खाली यायला लागली. ड्रमवर पाण्यात काहीतरी धप्पकन पडल्यासारखा आवाज झाला. मला वाटलं, रघ्याने चुकून पुढचं गाणं जोडलं. पाय हवेतच ठेवून मी त्याच्याकडे मान वळवली आणि दातांतून म्हणालो, "बंद कर."

"काका, अजून अर्धं बाकी आहे," रघ्या माइकवरून म्हणाला. चारशे माणसांनी ऐकलं.

ठेका संथ झाला. तोच ठेका, तीच गिटार मधल्या जागेत, पण आता खाली बेस अशी जड आणि निवांत चालली होती जशी जेवण झाल्यावर म्हैस चालते. रेगे. माझ्या गाण्यात रेगे! मनिषने पाय खाली ठेवला. मागच्यांनी ठेवले. मी एकटाच मांडवाच्या मध्ये एका पायावर उभा होतो, पुढे केलेला हात आता कोणाकडे काहीतरी मागतोय असा दिसत होता. तलासरीच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांना वाटलं नाच असाच आहे.

मी अदितीकडे बघितलं. तिने हळदीच्या हातांनी तोंड झाकलं होतं, पण बोटांतून दिसत होतं की तिला आश्चर्य वाटलेलं नाही. दक्षाच्या मोबाइलमधला पिवळा दर्शन गाण्याबरोबर ओठ हलवत होता. त्याला शब्द पाठ होते. तेव्हा मला टीपॉयखालचा पाय समजला. सगळ्यांना माहीत होतं. कदाचित गॅसवाल्यालाही.

पाय खाली ठेवायचा तर ठेवावा कसा, हेच मला सुचेना. ठेवला की संपलं. सत्तावीस वर्षं ज्याच्यावर बोललो ते नव्हतंच, हे कबूल केल्यासारखं. मला खरंच रडू यायला लागलं होतं. तेवढ्यात कोणीतरी परात बाजूला ठेवल्याचा आवाज आला. सुधा अदितीशेजारून उठली, पदर खोचला, आणि गर्दीतून वाट काढत माझ्या उजवीकडच्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली.

"अहो, पाय खाली ठेवा," ती म्हणाली. "आता इथून हळू."

मी पाय खाली ठेवला. तिने माझा पुढे केलेला हात धरला, आणि नाचायला लागली. नाचणं म्हणजे काही फार नव्हे. खांदे थोडे, मान थोडी, एक पाय मागे आणि परत. पण ट्रम्पेट कुठे वळणार, बेस कुठे थांबणार, सगळं तिला आधीच ठाऊक होतं. थांबायची जागा येण्याच्या किंचित आधी ती थांबायची आणि मी पुढे जाऊन तिच्यावर आदळायचो. दोनदा आदळलो.

"तो पोचत नाही?" मी विचारलं.

"पाण्यात पडतो," सुधा म्हणाली. "मग भिजलेला वर येतो. धक्क्यावर एक बाई बसलेली असते, तिचीही बोट चुकलेली. ती सरकून त्याला जागा देते. ऐका, आता तेच चाललंय."

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्यापासून. तुम्ही मला नव्वदची दिली होती ना. तुमची साठची, तिची बाजू अर्ध्या तासात संपते. गाणं तुटतं तुमचं. माझी बाजू पाऊण तासाची, तिच्यावर अख्खं आहे."

मी तिकीट खिडकीत बसणारा माणूस. तीस आणि पंचेचाळीस यांतला फरक मला इतक्या वर्षांत कळला नाही. दुकानदाराच्या हाताचं कौतुक करत बसलो.

"म्हणून तू शेवटाआधी उठून जायचीस?"

"तुटलेलं ऐकवत नाही मला. आशागडला गेले की दुपारी सगळे झोपल्यावर पूर्ण ऐकायचे. आता मोबाइलवर ऐकते. पोळ्या करताना."

म्हणजे हिला गाणं आवडत होतं. माझ्याइतकंच, नाहीतर दीडपट. मी एवढी वर्षं ज्या श्रोत्याला शोधत होतो तो आतल्या खोलीत पोळ्या लाटत पुढचं ऐकत होता. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या आधी राग आला, तो माझा स्वभाव.

"मग सांगायचं नाहीस? जगासमोर मी एवढं बोलत होतो. अदितीलाही माहीत. तिलाही गप्प बसवलंस."

"ती सांगणार होती. मीच म्हटलं, राहू दे," सुधा म्हणाली. "आधी वाटलं, तुम्ही एवढे खूश असता, कशाला. मग मलाच सांगावंसं वाटेना. पहिल्या भागात सगळीकडे तुम्ही बोललेले आहात. कुठली ट्रम्पेट आली, गिटार कुठे पडली, कोणाची छाती केवढी. मला तो भाग आता तुमच्या आवाजातच ऐकू येतो. पुढच्या भागात तुमचं बोलणं नव्हतं. तेवढं माझ्यासाठी ठेवलं."

हे तिने चिडून म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार असतात. पण तिने ते साधेपणाने, माझा हात धरून, ठेका न चुकवता सांगितलं. मला फार लागलं. आणि तिने ते ठेवलेलं असतानाही आज उठून मला त्यात घेतलं, हेही कळलं. घ्यायची गरज नव्हती. मी तिथे एका पायावर उभा होतो, आणखी थोडा वेळ उभा राहिलो असतो तर आपोआपच पडलो असतो.

बेसने एक वळण घेतलं. फार सुंदर वळण. मागून ट्रॉम्बोन, ते लांब नळीचं फुंकायचं वाद्य, इतक्या हळू आला की मला राहवलं नाही. बघ, हा जो ट्रॉम्बोन आलाय ना, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तोच सुधाने हळदीने भरलेला दुसरा हात माझ्या तोंडावर ठेवला.

"ऐका," ती म्हणाली.

मी ऐकलं. तोंडात हळदीची कडू चव, नाकावर तेल, समोर विहीणबाई टाळ्या वाजवतायत, पाटावर अदिती हसता हसता रडतेय किंवा उलट, आणि मी सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ते गाणं न बोलता ऐकलं. ते मला पाठ असलेल्या गाण्यापेक्षा चांगलं आहे. हे मान्य करायला मला त्रास होतो, पण आहे.

शेवटी काय होतं, ते मला विचारू नका. त्या बाईने जागा दिल्यावर सॅम्युएल काय करतो, बोट परत येते का, गाणं कुठे थांबतं, हे मला आता सगळं माहीत आहे. पण तो भाग सुधाचा आहे. परवा गॅसची नळी तपासायला नवा माणूस आला होता. त्याला मी चहा दिला. गाणं लावलं नाही. त्याने विचारलं, काका, आत काय वाजतंय? मी म्हटलं, बायको पोळ्या करतेय, जरा हळू बोल.